पार्क्स: उसन्या नावांचं गाव

न्यू साउथ वेल्सच्या मध्य-पश्चिम पट्ट्यातल्या पार्क्समध्ये जानेवारी म्हणजे रखरखीत उन्हाळा. पारा चाळिशीला टेकतो. गव्हाची कापणी उरकलेली, शाळांना सुट्ट्या लागलेल्या, आणि ज्याला जमतं तो सामान गाडीत टाकून समुद्राकडे निघालेला. सिडनी इथून साडेतीनशे किलोमीटरच्या वर. अशा दिवसांत मुद्दाम वाट वाकडी करून पार्क्सला मुक्कामाला कोण येणार?

बॉब आणि ॲन स्टील या दांपत्याचं गावात ‘ग्रेसलँड्स’ नावाचं रेस्टॉरंट होतं. ग्रेसलँड हे अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीच्या घराचं नाव. नावावरूनच कळतं, दोघं त्याचे भक्त. एल्विसचा जन्म ८ जानेवारी १९३५चा, म्हणजे वाढदिवस नेमका धंद्याच्या सगळ्यांत मेलेल्या आठवड्यात. १९९३ साली त्यांनी त्या वाढदिवसाचा जलसा ठेवला. दोनेकशे माणसं आली, नाचली, जेवली, घरी गेली. पुढच्या वर्षी पुन्हा ठेवला. आज त्याच आठवड्यात पाच दिवस उत्सव चालतो आणि जेमतेम ११-१२ हजार वस्तीच्या गावात पंचवीसेक हजार पाहुणे उतरतात. पांढरे, चमचमते, गळ्यापासून बेंबीपर्यंत उघडे जंपसूट, काळेभोर टोप, गालांवर चिकटवलेले कल्ले, आणि वर चाळीस अंश ऊन.

एल्विसचा या गावाशी संबंध काय? कसलाच नाही. तो ऑस्ट्रेलियात कधी आलाच नाही. अमेरिकेबाहेर त्याने कार्यक्रम केले ते फक्त कॅनडात, तेही १९५७ साली.

हे प्रकरण अभ्यासायला घ्यावंसं वाटलं ते यामुळेच. ऑस्ट्रेलियातली बहुतेक लहान गावं पर्यटनासाठी आपल्या इतिहासाकडे वळतात. व्हिक्टोरियातलं माल्डन १९६६मध्ये वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने ‘उल्लेखनीय गाव’ म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून जुनी दुकानं, जुने व्हरांडे हेच त्याचं भांडवल. बॅलराटने सोनं शोधणाऱ्यांची अख्खी जुनी वसाहत नव्याने उभी केली. पार्क्सकडे तर सांगण्यासारखं यांच्याइतकंच, कदाचित जास्त होतं. मग परक्या गायकाचं नाव उसनं घेण्याची वेळ का आली?

माझं उत्तर असं, की उसनवारी हा या गावाचा जुनाच स्वभाव आहे, आणि या खेपेला तो पथ्यावर पडला.

नावं बदलणारं गाव

हा सगळा मुलूख ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी विराजुरी लोकांचा. १८६०च्या दशकात इथे सोनं सापडलं आणि तंबू पडले. वस्तीला आधी तिथल्या झाडांवरून करजाँग म्हणत, पुढे एका सोन्याच्या शिरेवरून ‘बुशमन्स’ हे नाव रुळलं. १८७३ साली वसाहतीचे प्रीमियर, म्हणजे सरकारचे प्रमुख, हेन्री पार्क्स गावाला भेट द्यायला आले आणि त्याच वर्षअखेरीस गावाने त्यांचं नाव धारण केलं. एवढ्यावर भागलं नाही, मुख्य रस्त्याला त्यांच्या पत्नीचं नाव दिलं, क्लॅरिंडा स्ट्रीट.

पार्क्स हे काही किरकोळ गृहस्थ नव्हते. इंग्लंडातून रिकाम्या खिशाने आलेला हा माणूस पाच वेळा प्रीमियर झाला. २४ ऑक्टोबर १८८९ रोजी टेंटरफील्डला त्यांनी केलेल्या भाषणाने वसाहतींचा एक देश करण्याच्या चळवळीला जोर आला. १९०१ साली तो देश झाला तेव्हा ते हयात नव्हते, पण ‘फेडरेशनचे जनक’ ही पदवी त्यांनाच मिळाली. मात्र या गावाचा त्यांच्याशी संबंध एका पाहुण्याचा होता. साहेब खूश झाले तर रेल्वे लवकर येईल, असा हिशेब कुणाच्या मनात नसेलच असं मी म्हणणार नाही. रेल्वे यायला मात्र पुढे वीस वर्षं लागली, १८९३ उजाडलं.

म्हणून ‘एल्विसचं आणि आपलं काय नातं?’ असा प्रश्न पार्क्समध्ये कुणी विचारला, तर त्याला आधी गावाच्या पाटीकडे बोट दाखवावं लागतं.

मेंढ्यांच्या कुरणातली थाळी

गावाच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, मेलबर्न-ब्रिस्बेन मार्गावरच्या न्यूवेल हायवेपासून जरा आत, मेंढ्यांच्या कुरणात ६४ मीटर व्यासाची एक पांढरी थाळी उभी आहे. ३१ ऑक्टोबर १९६१ रोजी सुरू झालेली ही रेडिओ दुर्बीण म्हणजे गावाचं खरंखुरं वैभव. एडवर्ड बोवेन या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कार्नेगी आणि रॉकफेलर या संस्थांकडून पैसा उभा केला, ऑस्ट्रेलियन सरकारने त्यात भर घातली. जागा निवडली ती इथे रेडिओ-गोंगाट कमी आणि वाराही बेताचा म्हणून.

वाऱ्याची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वरचा सुमारे हजार टनांचा फिरणारा भाग खालच्या मनोऱ्याला जखडलेला नाही, स्वतःच्या वजनाने नुसता टेकलेला आहे. २१ जुलै १९६९ रोजी, चंद्रावर पाऊल पडायच्या बेतात असताना, नेमकं वादळ आलं. ताशी ११० किलोमीटरचे झोत बसले, तेही थाळी पुरती कलती असताना. संचालक जॉन बोल्टन यांनी सुरक्षेच्या मर्यादा बाजूला ठेवून चंद्रावरून येणारं दूरचित्र टिपण्याचं काम चालू ठेवलं. पहिली आठ-नऊ मिनिटं नासाने इतर केंद्रांची चित्रं वापरली. मग पार्क्सचं चित्र आलं ते इतकं स्वच्छ होतं, की पुढचं अडीच तासांचं सगळं प्रक्षेपण जगाने या कुरणातून पाहिलं.

इथेही उसनवारीचा एक धागा आहेच. आर्मस्ट्राँगचं पहिलं पाऊल जगाला दाखवलं ते कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक केंद्राने. ते केंद्र १९८१मध्ये बंद झालं, आज तिथे फक्त पाया उरलाय. लोकांच्या मनात मात्र चंद्राचं चित्र म्हणजे पार्क्स, कारण २००० साली ‘द डिश’ हा विनोदी चित्रपट आला आणि त्याने ही थाळी घराघरांत नेली. त्यात वीज जाऊन यान हरवण्याचा जो प्रसंग आहे तो कल्पित आहे. गंमत म्हणजे चित्रपटातलं ‘गाव’सुद्धा पार्क्स नाही. साठच्या दशकाचा तोंडवळा शेजारच्या फोर्ब्समध्ये जास्त टिकला होता, म्हणून रस्त्यावरची दृश्यं तिथे चित्रित झाली. नाव पार्क्सचं, चेहरा फोर्ब्सचा.

विज्ञानाच्या अंगाने पाहिलं तर चंद्राचं प्रकरण हा या दुर्बिणीच्या आयुष्यातला एक छोटा अध्याय आहे. ज्ञात पल्सारांपैकी, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांपैकी, फार मोठा वाटा हिने शोधलेला. दूरच्या दीर्घिकांतून येणारे, काही मिलिसेकंदांत विझणारे रेडिओ स्फोट पहिल्यांदा हाती लागले ते २००७मध्ये, हिच्याच जुन्या नोंदी चाळताना. त्यांच्यासारखेच दिसणारे काही संकेत वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांना चकवत होते. २०१५मध्ये उलगडा झाला तेव्हा चोर घरातच निघाला. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आधीच त्याचं दार उघडत होतं.

भारताशी, आणि थेट महाराष्ट्राशी, जोडणारी वाट इथूनच निघते. पार्क्सच्या दुर्बिणीची स्वप्नं सिडनीच्या ज्या प्रयोगशाळेत रंगत होती, तिथेच १९५३ ते १९५५ या काळात गोविंद स्वरूप नावाचा तरुण भारतीय काम शिकत होता. सिडनीतल्या पॉट्स हिलवर सहा फूट व्यासाच्या ३२ थाळ्या होत्या. त्यांचं काम संपल्यावर त्या भंगारात जाण्याऐवजी भारताला मिळाव्यात, असा प्रस्ताव या तरुणाने मांडला आणि तो मान्य झाला. त्या थाळ्या समुद्रमार्गे आल्या आणि १९६५मध्ये कल्याणला भारताची पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पुढे उटी, आणि मग नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटरच्या ३० थाळ्यांची जीएमआरटी ही दुर्बीण. जुन्नर तालुक्यातून जाताना शेतांच्या वर दिसणाऱ्या त्या जाळीदार थाळ्यांची पणजी सिडनीची आहे, म्हणायला हरकत नाही.

दिवसाचा पाहुणा, रात्रीचा पाहुणा

इतकं सगळं असून जानेवारीत खोल्या रिकाम्या का? पर्यटनाच्या धंद्यात एक साधा भेद असतो. दुर्बीण बघायला येणारा माणूस हायवेवरून जाता जाता वळतो, तासभर थांबतो, फोटो काढतो, चहा घेतो आणि पुढे डबोला निघतो. त्याचा खर्च दुर्बिणीच्या कॅफेत होतो. वीस किलोमीटरवरच्या गावात तो शिरलाच तर पेट्रोलसाठी. चित्रपटानंतर दुर्बिणीचे पाहुणे भरपूर वाढले, पण त्यांना रात्री राहायला कारण नव्हतं. हेन्री पार्क्सच्या नावाने तर कुणी दिवसाही वळत नव्हतं. शाळेच्या पुस्तकातल्या पुढाऱ्याला भेटायला सुट्टीत कोण जातं?

एल्विसने रात्रीचा पाहुणा आणला. संचलन शनिवारी सकाळी क्लॅरिंडा स्ट्रीटवरून निघतं, कूक पार्कातलं फुकट व्यासपीठ दिवसभर गाजतं, रात्री क्लबांत कार्यक्रम, रविवारी गॉस्पेल प्रार्थना, शिवाय एल्विसच्या पत्नीच्या नावाची ‘मिस प्रिसिला’ स्पर्धा आणि जुन्या जोडप्यांनी एल्विसच्या साक्षीने पुन्हा घ्यायच्या लग्नाच्या शपथा. हे काही दोन तासांत उरकत नाही. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून ‘एल्विस एक्सप्रेस’ नावाची गाडी सुटते आणि पार्क्सला पोचेपर्यंत डब्याडब्यात गाणी चालू असतात. उत्सव खरं तर गाडीतच सुरू झालेला असतो.

पण या प्रकरणातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट व्यासपीठावर नाहीच, ती गावातल्या घरांत आहे. एवढी माणसं ठेवायची कुठे? आठवड्यासाठी कुणी नवी हॉटेलं बांधत नाही, आणि बांधली तर उरलेले ५१ आठवडे ती ओस पडतील. गावाने घरं उघडली. कुणी एक खोली देतं, कुणी अख्खं घर भाड्याने देऊन आपण नातेवाइकांकडे जातं, आणि पालिकेचं पर्यटन कार्यालय पाहुणा आणि यजमान यांची गाठ घालून देतं. शिवाय मैदानांवर तंबू पडतात, सेवाभावी क्लब सकाळची न्याहारी विकून वर्षभराच्या कामांचा निधी उभा करतात. भरीस गर्दी फोर्ब्स, ऑरेंज, डबोपर्यंत सांडते. पाहुण्याच्या खिशातला पैसा बाहेरच्या हॉटेल-साखळीकडे न जाता बराचसा थेट गल्लीत उतरतो. पार्क्सचं उदाहरण घेऊन दुसरीकडे ‘आपणही एक फेस्टिव्हल करू’ म्हणणारे नेमकी हीच बाब विसरतात, आणि मग मंडप, एलईडी पडदे, सेलिब्रिटी यांतच बजेट संपतं.

हे सुरळीत झालं असं मात्र नाही. बरीच वर्षं गावातल्या अनेकांना हा प्रकार लाजिरवाणा वाटायचा. आपण शेतकऱ्यांचं, खाणीचं, विज्ञानाचं गाव. नकली केस लावून नाचणारी माणसं हा आपला चेहरा कसा? पालिकाही सुरुवातीला हात राखूनच होती. क्रिस गिब्सन आणि जॉन कॉनेल या भूगोल-अभ्यासकांनी या उत्सवावर बरंच संशोधन केलं आहे. त्यांनी हा विरोधही नोंदवला आणि तो हळूहळू कसा निवळला तेही. आज उत्सवाची सूत्रं पालिकेच्याच हाती आहेत. विरोध निवळायला युक्तिवादापेक्षा घरभाडं उपयोगी पडलं असावं, हा माझा अंदाज.

आणखी एक गोष्ट. पार्क्सने एल्विस कधी गंभीरपणे घेतला नाही, हे त्याचं बलस्थान आहे. ग्रेसलँडच्या अधिकृत अनुकरण-स्पर्धेची फेरी इथे होते, तिथले गायक अस्सल तयारीचे असतात, ते खरं. पण रस्त्यावरचा एल्विस पोट सुटलेला असतो, सहा वर्षांचा असतो, कधी आजी असतो. आलेल्यांपैकी कितीतरी जण कट्टर चाहते नसतातच. त्यांना चार दिवस दुसऱ्याच्या कपड्यांत वावरायचं असतं, आणि त्यासाठी हसणार नाही असं गाव हवं असतं.

इथे मला नारायणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. एका अंगाला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक, आणि दुसऱ्या अंगाला तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामाआधी फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर एल्विसच्याच सालच्या, १९३५च्या. म्हणजे दुर्बीण आणि नाचगाणं अशी जी जोडी पार्क्सला निम्मी उसनी आणावी लागली, ती नारायणगावकडे दोन्ही बाजूंनी घरची आहे. खोडदला फेब्रुवारीत विज्ञान दिनाला शाळांच्या सहलींची झुंबड उडते. त्यातली किती मुलं राहुट्या बघून घरी जातात, हा प्रश्न मी इथेच सोडतो.

उरलेलं आणि राहिलेलं

उत्सवाने इतिहासाला मागे ढकललं का? उलट घडलं. ‘द विगल्स’ या मुलांच्या वाद्यवृंदातला एकेकाळचा पिवळ्या शर्टवाला ग्रेग पेज हा एल्विसच्या वस्तूंचा मोठा संग्राहक. त्याचा संग्रह गावाच्या हेन्री पार्क्स सेंटरमध्ये मांडलेला आहे. त्याच छपराखाली जुन्या मोटारी आहेत, शेतीची जुनी यंत्रं आहेत आणि हेन्री पार्क्स यांच्या नावाचं संग्रहालयही. एल्विसचा जंपसूट बघायला आलेला माणूस बाहेर पडता पडता दाढीवाल्या प्रीमियरसमोरून जातो. टेंटरफील्डचं भाषण वाचायला तो एरवी आला नसता.

शेजारच्या, पार्क्स शायर या तालुकावजा विभागातल्याच ट्रंडल या चिमुकल्या गावाने २०१२पासून ‘ॲबा’ या स्वीडिश बँडच्या नावाने उत्सव सुरू केला. बैलगाड्यांच्या काळातला प्रचंड रुंद रस्ता आणि एक देखणं हॉटेल एवढंच ज्या गावाकडे होतं, त्याने शेजाऱ्याचा धडा नीट गिरवला. मात्र हे किती गावांना पुरणार, अशी शंका येतेच. प्रत्येक गावाला एक मेलेला किंवा निवृत्त गायक वाटून दिला तर पाहुणे तेवढेच राहतील आणि आठवडे संपतील. पार्क्सची वेगळी अडचणही आहे. १९७७मध्ये गेलेल्या गायकाच्या आठवणी ज्यांच्या स्वतःच्या आहेत ती पिढी आता साठीच्या पुढे आहे. नवी मंडळी गमतीसाठी येतात, आणि गंमत दुसरीकडेही मिळते. साथीमुळे २०२१चा उत्सव रद्द झाला, तेव्हा वर्षाची कमाई एकाच आठवड्यावर टांगण्यातला धोकाही उघडा पडला. अर्थात गावाचं पोट फक्त त्यावर नाही. जवळच नॉर्थपार्क्सची तांब्या-सोन्याची खाण आहे, गहू आणि कनोला हे तेलबियांचं पीक आहे, आणि सिडनी-पर्थ मार्गाला मेलबर्न-ब्रिस्बेनसाठी आखलेला अंतर्देशीय लोहमार्ग इथेच येऊन भेटतो. ज्या गावांना असा आधार नाही त्यांनी हा धडा गिरवताना जपून.

सगळ्यांत उशिरा आली ती सगळ्यांत जुनी गोष्ट. करजाँग, बुशमन्स, पार्क्स, ग्रेसलँड्स या नावांच्या रांगेत विराजुरी लोकांचं स्वतःचं नाव फार काळ दिसत नव्हतं. नोव्हेंबर २०२०मध्ये विराजुरी वडीलधाऱ्यांनी दुर्बिणीला ‘मुरियांग’ हे नाव दिलं. त्यांच्या परंपरेत सृष्टिकर्ता बियामी जिथे राहतो तो आकाशलोक. आवारातल्या दोन लहान दुर्बिणींनाही नावं मिळाली. एकीच्या नावाचा अर्थ ‘चतुर डोळा’, आणि बंद पडलेल्या जुन्या अठरा मीटरच्या थाळीच्या नावाचा अर्थ ‘चतुर थाळी’.

जायचं असेल तर जानेवारीचा मुक्काम खूप आधी ठरवावा लागतो आणि टोपी, पाण्याची बाटली विसरून चालत नाही. मला स्वतःला विचाराल तर ऑगस्ट-सप्टेंबर सुचवेन. तेव्हा कनोला फुललेला असतो, आणि पिवळ्या शेतांच्या कडेने हायवे सोडला की ती पांढरी थाळी अचानक समोर येते. प्रवेश फुकट आहे, मोबाईल मात्र बंद करायला सांगतात. आवारात दोन छोट्या थाळ्या बऱ्याच अंतरावर समोरासमोर ठेवल्या आहेत. एकीत तोंड घालून कुजबुजलं की दुसरीपाशी कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. मुलं बरोबर असतील तर तिथे अर्धा तास जास्तीचा धरा.